पलंगाच्या लाकडाचं छत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, कपड्यांच्या कारखान्यातून कटिंग मास्तर म्हणून निवृत्त, आज माझ्या पुढच्या खोलीत टेबलापाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, परंतु मृत्युपत्राला गुडघ्यांचा दाखला लागत नाही असे वकीलबाईंनी सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

सर्वांची नावे-पत्ते शेवटी जोडलेल्या यादीत आहेत. मजकुरात मी ज्याला रोज जसे म्हणते तसेच लिहिणार आहे. 'हे' म्हणजे माझे यजमान, सात वर्षांपूर्वी वारले. मुलगा, सून आणि मुलगी एकेकच आहेत, त्यामुळे घोटाळा व्हायचे कारण नाही. मिस्त्री म्हणजे आमच्याच इमारतीत तळमजल्यावर मागच्या बाजूला राहणारे निवृत्त सुतार.

कलम १. सहा वर्षांपूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द करते. त्यात राहती जागा सगळीच्या सगळी मुलीला लिहिली होती आणि मुलाला फक्त भिंतीवरचे घड्याळ. ते मी रागात लिहिले होते. राग खरा होता, मृत्युपत्र चुकीचे होते.

कलम २. दुसऱ्या मजल्यावरची माझी राहती जागा आणि बँकेत जे काही असेल ते मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे. मुलगी लांब असते, ती लगेच म्हणेल, "मला नको, दादालाच असू दे." तिने असे म्हणू नये. नको म्हणायची सवय तिला माझ्याकडून लागली आहे, आणि माझे त्या सवयीने काही भले झालेले नाही.

कलम ३. माझी मोठी कापडकात्री माझ्या हाताखाली शिकलेल्या आणि आता माझ्याच टेबलावर उभ्या असणाऱ्या बाईंना द्यावी. धार लावूनच द्यावी. कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांना मी काहीही देत नाही. एकतीस वर्षं त्यांनी कापणाऱ्या पुरुषांना 'मास्तर' म्हटलं आणि मला 'अहो बाई'. म्हणून वर पहिल्याच ओळीत कटिंग मास्तर असं लिहिलं आहे. ते कुणी खोडू नये.

कलम ४. पुढच्या खोलीतली माशांची टाकी, सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, लोखंडी स्टँडसह, आणि तिच्यावरचे दोन भागांतले सागवानी छत, हे सर्व मुलाला. टाकी आणि छत वेगळे करू नये. या छतावरूनच आमच्या घरात काय झाले ते निम्मेशिम्मे सगळ्यांना माहीत आहे. पूर्ण कुणालाच नाही. म्हणून इथे लिहून ठेवते; हे कलम लांबेल.

टाकी ह्यांची. पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी, दिवसभर पाण्यापाशी, आणि घरी येऊन पुन्हा पाण्यासमोर बसायचे. मी टाकीला सवत म्हणायची. शेजारणी हसायच्या, हेही हसायचे. मी निम्मीच चेष्टा करत होते. टाकी वरून उघडी होती. दोन काचेच्या पट्ट्या आडव्या टाकलेल्या आणि स्लॅबच्या हुकाला तार बांधून ट्यूबलाइट लोंबत ठेवलेली. "याला वरून नीट लाकडी छत करायचंय," असं हे अकरा वर्षं म्हणाले. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मापांसकट चित्र काढून ठेवलं होतं. मग एका मंगळवारी दुपारी जेवून उठता उठता गेले.

त्यानंतर चौथ्या महिन्यात, सकाळी मी भाजी निवडत असताना पुढच्या खोलीत ओली चादर आपटल्यासारखा आवाज आला. टाकीतला सगळ्यांत मोठा मासा, ऑस्कर जातीचा, वीतभराहून लांब, खुर्चीच्या पायाशी तडफडत होता. इतक्या वर्षांत मी माशाला हात लावला नव्हता. उशीचा अभ्रा ओला करून त्यात धरला आणि टाकीत सोडला. जगला, पण एक डोळा पांढरा झाला. दुसऱ्या दिवशी मी टाकीसमोरून जात होते, तर चांगला डोळा माझ्याकडे करून तो काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्याबरोबर आला. हे घरी आले की असं करायचा. मी थांबले आणि म्हटलं, "ते नाहीत आता. मी आहे." हे वाक्य मी तोवर कुणापुढेच मोठ्याने बोलले नव्हते.

मुलगा दोन गल्ल्या सोडून राहतो. तो म्हणाला, "विकून टाक, आई. कशाला नसती कटकट?" मी ऐकलं नाही, तेव्हा त्याने आपणहून एका फर्निचरच्या दुकानातून छत करवून आणलं. हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम नोंदवते. छत दिसायला झकास होतं. दोन महिन्यांत पाण्याच्या वाफेने फुगलं, कडा भिजलेल्या पावासारख्या सुटल्या, आणि एक दिवस पुढची पट्टी दिव्यासकट खाली आली. तार पाण्यात जायच्या आत मी बटण बंद केलं म्हणून हे मृत्युपत्र आज लिहिते आहे. दुकानदाराकडे गेले तर म्हणतो, "बाई, पाण्याजवळ ठेवलंत तर फुगणारच."

"मग मासे कपाटात ठेवू का?" मी विचारलं.

त्यालाही मी या मृत्युपत्राने काही देत नाही. त्या छताचा भुगा पिशवीत भरून दुसऱ्या दिवशी त्याच्या काउंटरवर ठेवून आले, तेवढं त्याला पोचलेलं आहे.

तीच पिशवी घेऊन जिना उतरत असताना मिस्त्रींनी मला थांबवलं. पन्नास वर्षं सुतारकाम केलेला माणूस, बायको जाऊन बराच काळ झालेला, मूलबाळ नाही. हात थरथरायला लागले म्हणून काम सुटलेलं. तोवर आमचं बोलणं 'पाणी आलं का' एवढंच. त्यांनी पिशवीत हात घालून चिमूटभर भुगा बोटांत चोळला.

"हे लाकूड नाही, बाई. वरून लाकडाचा फोटो चिकटवलाय."

"मग तुम्ही करून द्या खऱ्या लाकडाचं."

त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. वाऱ्यात धरलेल्या कागदासारखे हलत होते. "या हातांनी? खिळ्याच्या जागी बोटच ठोकायचं."

"हात माझे घ्या. एकतीस वर्षं कापड कापलंय. रेघेबाहेर गेले नाही कधी."

"कापडाची चूक शिलाईत दडते. लाकडाची दडत नाही."

"मग चुकणार नाही असं समजावून सांगा."

त्यावर ते हसले आणि वर येऊन ह्यांचं चित्र बघितलं. "मापं बरोबर काढलीत त्यांनी," म्हणाले. "पण लाकूड कुठून आणाल? नवं घेऊन उपयोग नाही. जुनं सागवान हवं, वर्षानुवर्षं घरात मुरलेलं. ते वाफेला भीक घालत नाही."

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि पलंग दाखवला.

आमच्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ह्यांनी करवून घेतलेला पलंग होता. हे गेल्यापासून मी त्याच्या उजव्या कडेला झोपायची. झोपेतही डावीकडे जात नव्हते. सकाळी उठून बघावं तर चादर अर्धीच चुरगळलेली. रोज ती अर्धी सारखी करायची. ही कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण ती लिहिल्याशिवाय मी पलंग का मोडला ते मुलाला कळणार नाही.

मिस्त्रींनी पलंगाच्या कडेवर नख ओढून बघितलं. "बाई, हा एकदा सुटला की पुन्हा पलंग होणार नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "सुरुवात कुठून करायची?"

मी एक खाट आणून पुढच्या खोलीत टाकली आणि आतल्या खोलीत काम सुरू झालं. मिस्त्री स्टुलावर बसायचे, मी उभी. ते बोलायचे, मी कापायची. वरून काळा पडलेला पलंग रंधा मारल्यावर आतून मधाच्या रंगाचा निघाला. "रंध्याला ढकलू नका, सोबत चाला," हे त्यांचं वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकलं. पहिलीच फळी बोटभर वाकडी कापली. मी रडकुंडीला आले. ते म्हणाले, "ही मागची फळी झाली. मागे कोण बघतंय?" चौथ्या फळीपासून मागे लपवायची पाळी आली नाही.

दोन बाजू चिकटवून क्लॅम्पमध्ये आवळून ठेवल्या होत्या, त्या दिवशी रविवारी मुलगा आला. गादी भिंतीशी उभी, जमिनीवर भुसा, स्टुलावर मिस्त्री. तो दारातच थांबला.

"बाबांचा पलंग कुठाय?"

"हा काय," मी हातातली फळी दाखवली.

तो मिस्त्रींकडे वळून म्हणाला, "काका, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का? रोज उठून एकट्या बाईच्या घरात यायचं, तेही झोपायच्या खोलीत?"

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून खिडकीत ठेवली, चप्पल घातली आणि गेले. मी मुलाला विचारलं, "तुला पलंगाचं लागलंय की मिस्त्रींचं?"

"दोन्हींचं," तो म्हणाला आणि निघून गेला. खरं बोलला, पण ते मला फार उशिरा कळलं. त्याच आठवड्यात मी ते घड्याळाचं मृत्युपत्र केलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले नाहीत. मी खाली गेले.

"मुलगा घरचा आहे, बाई. मी कोण? दार लावून काम करायला नको होतं."

"दार तर उघडंच होतं."

"बघणाऱ्याला उघडं दारही बंदच दिसतं."

मी वर गेले आणि एकेक फळी खाली आणायला लागले. दोन मजले, चौदा फेऱ्या. मिस्त्रींच्या दारापुढचं अंगण असं आहे की इमारतीच्या मागच्या सगळ्या खिडक्या तिथेच उघडतात. तिथे मधोमध मी सगळं मांडलं. "ज्यांना बघायचंय त्यांना नीट बघू दे," मी म्हटलं. "तुम्ही बसा, मिस्त्री. पुढचं सांगा."

पहिले तीन दिवस एकही खिडकी रिकामी नव्हती. चौथ्या दिवशी औषधांच्या दुकानाची मालकीण उतरून खाली आली आणि रंगाबद्दल सल्ला देऊन गेली. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरचे टपालवाले त्यांच्या अडकणाऱ्या खिडकीचं काय करता येईल ते मिस्त्रींना विचारत होते. तोवर आमच्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढे उचलायची झडप, तिला पितळी बिजागऱ्या, कारण लोखंड गंजून पाण्यात उतरतं. मागची वरची अर्धी बाजू मोकळी, नळ्या जायला आणि वाफ बाहेर पडायला. आतून पाण्याला दाद न देणारा पांढरा रंग, तीन हात. त्या रंगाचा वास माशांना बाधतो म्हणून छत तीन आठवडे अंगणात उघडं ठेवलं.

मग वर न्यायचा दिवस आला. टपालवाले आले, औषधवालीचे यजमान आले, आणि मुलगा आला. मी त्याला बोलावलं नव्हतं. सुनेने त्याला आणलं, हे मागाहून कळलं. चौघांनी छत उचललं आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर ते अडकलं. उभं धरलं तर वरच्या पायऱ्यांना टेकत होतं, आडवं धरलं तर कठड्याला. टाकीच्या काचा सुट्या वर नेऊन तिथेच जोडल्या होत्या, त्यामुळे ही अडचण ह्यांनाही कधी आली नव्हती.

मिस्त्री पायरीवर बसले. "पन्नास वर्षांत जिना विसरलो नव्हतो," म्हणाले. मग जरा वेळाने, कुणाकडेही न बघता, "खोलीत करत होतो तेव्हा जिन्याचा प्रश्नच नव्हता."

 मुलाची मान लाल झालेली मी पाहिली.

कुणी म्हणालं दोरीने गच्चीवरून चढवू. मिस्त्री म्हणाले सांधे निखळतील. कुणी म्हणालं कठडा तोडू. मी करवत आणायला खाली गेले.

"मधोमध कापते," मी म्हटलं.

"तयार झालेलं काम, बाई," मिस्त्री म्हणाले.

"रेघ कुठे मारू ते सांगा."

काटकोनाचा गुण्या लावून मी रेघ मारली. मुलाने गुडघे टेकले आणि छत दोन्ही हातांनी घट्ट धरलं. अर्धा तास लागला.  निम्म्यावर आले तेव्हा घाम डोळ्यांत उतरला आणि मला रेघ दिसेनाशी झाली. हात थांबवला असता तर पुन्हा चालवायचा धीर झाला नसता.

"रेघेवर आहेस, आई," मुलगा म्हणाला. "चालू दे."

आमच्यात त्या रविवारनंतर झालेलं हे पहिलं बोलणं.

दोन्ही भाग वर गेले, टाकीच्या काठावर बसले, जोडाच्या आतून एक पट्टी लागली. मग लक्षात आलं की असा अर्धा भाग मी एकटी उचलू शकते. अख्खं छत मला कधीच हललं नसतं, आणि दर आठवड्याला टाकी साफ करायची तर दोन माणसांची विनवणी करावी लागली असती. ह्यांच्या चित्रात हे नव्हतं. मिस्त्रींनाही सुचलं नव्हतं.

छत बसल्यापासून एकही मासा बाहेर पडलेला नाही. एकडोळ्या ऑस्कर त्यानंतर चार वर्षं जगला आणि म्हातारा होऊन गेला. आता आहेत ते लहान आहेत. त्यांना सकाळी एकदाच खायला घालावं. ते दिवसभर मागतात. फसू नये.

कलम ५. करवत, रंधा, पटाश्या, गुण्या, क्लॅम्प आणि पेटी. ही मिस्त्रींनी मला दिली आणि त्यांच्या संमतीने मी ती सुनेला देते. सून आणि माझे जमले नाही हे सर्वांना माहीत आहे. माझ्या स्वयंपाकघरात येऊन ती चमचे दुसऱ्याच खणात ठेवते, आणि बारा वर्षांत तिने तो खण बदलला नाही, मीही बदलला नाही. परंतु छत कापलं त्या दिवशी जिन्यातला भुसा तिने झाडला, उरलेला एक तुकडा उचलला आणि मिस्त्रींना विचारलं, "याचं काही होईल का?" त्याचं तिने स्वतः फडताळ केलं आहे. जरा तिरकं आहे, पण पक्कं आहे. हत्यारं कुणाला उसनी देऊ नयेत. ओळखीच्यांना तर मुळीच नाही.

कलम ६. खाट, भांडी, कपडे यांचे दोघा भावंडांनी बघावे. पलंगाचा एक पाय मुलाने तेव्हाच मागून नेला होता. तो कशाला हवा ते मी विचारलं नाही. तो पाय त्याचाच आहे. त्यावर कुणी हक्क सांगू नये.

कलम ७. मिस्त्रींबाबत. मुलाने त्यांच्याविषयी मला पुन्हा कधी विचारले नाही. विचारले नाही म्हणून सांगितले नाही. आता लिहून ठेवते.

दीड वर्षापूर्वी मिस्त्रींना जिना चढणं बंद झालं. तेव्हापासून मी रोज दुपारी चार वाजता खाली जाते. त्यांच्या दारापुढे दोन खुर्च्या असतात. मी त्यांना टाकीतलं सांगते. कोण कुणाच्या मागे लागलंय, कोण खात नाही, पाण्याला शेवाळ धरलंय का. ते विचारतात, "बिजागरी?" मी म्हणते, "ठीक." कधी अर्धा तास, कधी जास्त. कधी दोघंही काहीच बोलत नाही. एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही माझं शेवटचं काम." मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर आम्हा दोघांनाही उठून आपापल्या घरात जावं लागलं असतं. आमच्यात होतं ते एवढंच. ते थोडं होतं असं मात्र कुणी समजू नये.

त्यांना काय ठेवू म्हणून मी त्यांनाच विचारलं. म्हणाले, "मला काय करायचंय? चार वाजता कुणी आलं म्हणजे झालं."

म्हणून मिस्त्री हयात असेपर्यंत मुलाने आठवड्यातून एकदा तरी चार वाजता तिथे जाऊन बसावे. माफी मागू नये, मिस्त्री अवघडतील. फक्त टाकीत काय झालं ते सांगावं. मोठ्याने सांगावं, त्यांना कमी ऐकू येतं. आणि खरं सांगावं. बनवून सांगितलेलं त्यांना लगेच कळतं. टाकी मुलाला दिली आहे ती यासाठीच, की सांगायचं तर आधी बसून बघावं लागेल.

वकीलबाई हे कलम वाचून म्हणाल्या, "अशी अट कोर्टात टिकणार नाही."

मी म्हटलं, "कोर्टासाठी नाही लिहिली. त्याच्यासाठी लिहिली आहे."

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. वरील मजकूर मी लिहून पुन्हा वाचला आहे. कलम ५ मध्ये एक शब्द खोडला आहे, तिथे बाजूला सही आहे. तो शब्द काय होता हे सुनेने उजेडात धरून बघू नये. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही, म्हणूनच त्यांना बोलावले.

लिहून देणार : (सही) कटिंग मास्तर, निवृत्त

साक्षीदार १ : (सही) औषधांच्या दुकानाची मालकीण, याच इमारतीत

साक्षीदार २ : (सही) निवृत्त टपाल कर्मचारी, पहिला मजला

ठिकाण : माझी राहती जागा, पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२३
वेळ : दुपारचे साडेतीन. चार वाजता मला खाली जायचे आहे.